काटा बदलला की सिग्नल लुकलुकायचा आणि हॉर्न अर्ध्यात तुटायचा

माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट एचओ मापाचा, म्हणजे १:८७. सिग्नलचे एलईडी आणि हॉर्नचा डीएफप्लेयर मिनी (मेमरी कार्डवरचा आवाज वाजवणारं छोटं मॉड्यूल) एकाच आर्डुइनो नॅनोवर, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर. लक्षण असं: काट्याची, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याची, सोलेनॉइड (विद्युतचुंबकी) मोटर खटकन चालली की लाल दिवा क्षणभर विझायचा, स्पीकरमधून 'टप्प' आवाज यायचा आणि हॉर्न मधेच बंद.

मेमरी कार्ड बदललं, दुसरा प्लेयर लावला, प्रोग्राममध्ये डिले वाढवले. तीन रविवार गेले, डोकं उठलं.

दोष वीजपुरवठ्यात होता. आधी काट्याच्या १२ व्होल्ट डीसी मोटरच्या दोन्ही कॉइलवर एकेक १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा जोडला, त्यावरच्या पट्ट्याची बाजू प्लसकडे. पट्टा चुकीकडे गेला तर थेट शॉर्ट होतो, म्हणून दोनदा बघा. एवढ्यानेच दिव्याचं लुकलुकणं थांबलं. मग नॅनो आणि प्लेयरला ५ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर दिला. मोटरचा पुरवठा स्वतंत्र ठेवला. दोन्हींचे ग्राउंड (मायनस) एकाच ठिकाणी जोडले, मोटरच्या वायरवर वाटेत कुठेही नाही. प्लेयरच्या व्हीसीसी (प्लस) आणि ग्राउंड पायांना चिकटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. शेवटी नॅनोकडून प्लेयरच्या आरएक्स (संदेश घेणाऱ्या) पायाला जाणाऱ्या वायरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर. स्पीकरमधली बारीक गुणगुण त्यानेच गेली.

स्पीकरच्या दोन्ही वायर फक्त प्लेयरच्या एसपीके-१ आणि एसपीके-२ या पायांना. त्यातली एकही ग्राउंडला लावू नका, ॲम्प्लिफायर जळतो.

काल सलग चाळीस वेळा काटा बदलला. हॉर्न दर वेळी पूर्ण वाजला.