नैसर्गिक आपत्ती आणि देवाचा न्याय : ख्रिस्ती शास्त्राचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

भूकंप, दुष्काळ आणि महापूर यांचा देवाच्या न्यायाशी काय संबंध आहे, हा प्रश्न घेऊन पवित्र शास्त्राकडे येणारे बरेच नवे अभ्यासक थेट शास्त्रातले शेवटचे, म्हणजे प्रकटीकरणाचे पुस्तक उघडतात. अभ्यासवर्ग घेताना आलेल्या अनुभवावरून मी त्यांना लूककृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायापासून सुरुवात करण्यास सांगतो. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले १८ जण यरुशलेमेतील इतर रहिवाशांपेक्षा अधिक दोषी होते काय, असे येशू तेथे विचारतो, स्वतःच नकारार्थी उत्तर देतो, आणि त्याच दमात ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करण्यास बजावतो. मेलेल्यांच्या पापांचा हिशेब तो कोणाला मांडू देत नाही, पण जिवंतांनाही मोकळे सोडत नाही. या दोन गोष्टी एकत्र धरता आल्या की पुढची वाट बरीच मोकळी होते.

त्यानंतर प्रत्येक उताऱ्यापाशी थांबून वहीत टिपून ठेवावे की, ही आपत्ती म्हणजे न्याय आहे असे कोण म्हणते, घटनेपूर्वी म्हणते की नंतर, आणि कोणाला उद्देशून म्हणते. नोहाच्या काळच्या जलप्रलयाचा अर्थ पाणी येण्याआधीच देवाच्या तोंडून सांगितला जातो. सदोमाच्या नाशाआधी अब्राहाम देवापाशी रदबदली करतो आणि ५० नीतिमानांवरून १० पर्यंत खाली येतो. उत्पत्तीचा हा १८वा अध्याय सोडून केवळ १९वा वाचणे म्हणजे निकाल वाचून सुनावणी वगळणे होय.

आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकाला मात्र भरपूर वेळ द्यावा. त्याच्या पहिल्याच वचनात भूकंपापूर्वी दोन वर्षे अशी कालनोंद आहे, आणि उज्जीया राजाच्या काळातील भूकंपाची आठवण जखऱ्याच्या १४व्या अध्यायातही येते. आमोसाच्या चौथ्या अध्यायात उपासमार, अवर्षण, पिकांवरचे रोग, टोळ आणि मरी एकामागून एक येतात, आणि तरीही तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत, ही देवाची व्यथा पाच वेळा उमटते. हे शब्द कराराने देवाशी बांधल्या गेलेल्या इस्राएलाला उद्देशून आहेत. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातील शाप वाचल्याशिवाय त्यांचा रोख कळत नाही. म्हणूनच ते उचलून कोणत्याही देशातल्या कोणत्याही पुराला लावणे मला शास्त्रावर अन्याय करणारे वाटते.

ईयोबाच्या पुस्तकात तर आपत्ती म्हणजे पापाची शिक्षा हे सूत्रच मोडते. वादळात घर कोसळून त्याची मुले मरतात, मित्र त्यामागे पाप शोधतात, आणि ४२व्या अध्यायात देव त्या मित्रांवरच रागावतो, कारण ते त्याच्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. मित्रांची भाषणे ऐकायला किती धार्मिक वाटतात, हे प्रत्येकाने स्वतः वाचून अनुभवावे.

अशी भाषणे पुढेही होत राहिली. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालमधील लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि प्रार्थनेसाठी जमलेले असंख्य लोक चर्चमध्येच गाडले गेले. पुढल्या वर्षी गाब्रिएल मालाग्रिडा या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूने पुस्तिका लिहून, हा शहराच्या पापांबद्दलचा दैवी कोप आहे, असे ठामपणे प्रतिपादले. वहीतले प्रश्न या पुस्तिकेला लावून पाहणे हा उत्तम सराव आहे.

त्याच्या शेजारी प्रेषितांच्या कृत्यांचा ११वा अध्याय ठेवावा. अगब नावाचा संदेष्टा मोठ्या दुष्काळाचे भाकीत करतो, आणि तो रोमी सम्राट क्लौद्य याच्या कारकिर्दीत पडतो. परंतु अंत्युखियातील शिष्य तो कोणाच्या पापामुळे येणार याची चर्चा करत नाहीत, तर प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बांधवांसाठी मदत पाठवण्याचे ठरवतो.

प्रकटीकरण यानंतर वाचावे. तेथील गारा, अंधार आणि रक्त झालेले पाणी निर्गमाच्या पुस्तकात मिसरावर आलेल्या पीडांच्या भाषेत लिहिलेले आहे, आणि १६व्या अध्यायात लोकांनी पश्चात्ताप केला नाही, असे येते तेव्हा आमोस वाचलेल्या अभ्यासकाला तो स्वर लगेच ओळखता येतो.