शाळा नसलेल्या गावात थाई शिकताना या चुका टाळा

थायलंडच्या उत्तरेला, लाओसच्या सीमेला लागून नान नावाचा प्रांत आहे. त्यातल्या पुआ या तालुक्याच्या गावी मी चार वर्षांपूर्वी राहायला आले. इथे भातखाचरं आहेत, डोंगर आहेत, पहाटेचा बाजार आहे. परदेशी माणसाला थाई शिकवणारा वर्ग मात्र नाही. त्यासाठी चियांग माई गाठायचं तर जाण्यातच दिवस मोडतो. त्यामुळे शेजारीपाजारी, बाजार आणि फोन यांच्या भरवशावर शिकत गेले आणि पहिलं दीड वर्ष बरंचसं वाया घालवलं. इंटरनेटवर मिळणारा सल्ला बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी असतो. मराठी माणूस अडखळतो त्या जागा वेगळ्या आहेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

लिपी नंतर बघू, असं म्हणणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. मी सगळे शब्द वहीत देवनागरीत उतरवत होते. क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे फरक थाईत फार महत्त्वाचे आहेत. इंग्रजांना ते ऐकूच येत नाहीत, आपल्याला पहिल्या दिवसापासून येतात. त्यामुळे देवनागरी पुरेल असं वाटतं. पण थाईतला ऱ्हस्व 'अ' म्हणजे आखूड 'आ' असतो आणि तो लिहायला आपल्याकडे अक्षरच नाही. देवळाला थाईत जो शब्द आहे तो मी 'वत' असा लिहिला. वाचताना आपला 'अ' आला आणि कुणाला काही कळेना. मग 'वात' लिहिलं, तर 'आ' लांबला आणि अर्थ झाला चित्र काढणे. शिवाय सूर, म्हणजे शब्द म्हणताना आवाज चढतो, उतरतो की सपाट राहतो ते, वहीत कुठेच नव्हते.

लिपी अवघड आहे ही भीती मात्र मराठी माणसाने मनातून काढून टाकावी. थाईत ४४ व्यंजनं आहेत आणि त्यांचा क्रम आपलाच आहे: आधी कवर्ग, मग चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, मग य, र, ल, व. शेवटी शेवटी चक्क ळ भेटतो! शाळेच्या क्रीडास्पर्धेच्या फलकावर 'कीळा' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा बराच वेळ तिथेच उभी राहिले. उच्चार 'कीला' असा होतो, पण लिहिताना त्यांनी ळ जपला आहे. 'ए'ची मात्रा व्यंजनाच्या आधी लिहितात, याचंही आपल्याला नवल वाटायला नको, आपली पहिली वेलांटी तशीच तर असते.

आता खरा फायदा. थाई व्यंजनांचे मध्यम, उच्च आणि खालचा असे तीन गट आहेत आणि शब्दाचा सूर त्यावर ठरतो. बाकीचे लोक हे गट महिनोन्‌महिने पाठ करतात. आपण वर्गातली जागा बघायची. पहिल्या जागेवरची अक्षरं (क, च, ट, त, प) मध्यम. दुसऱ्या जागेवरची (ख, छ, ठ, थ, फ) आणि श, ष, स, ह उच्च. तिसरी, चौथी, पाचवी जागा आणि य, र, ल, व, ळ खालच्या गटात. चारदोन जास्तीची अक्षरं वेगळी लक्षात ठेवावी लागतात, तेवढंच. ग आणि घच्या जागेवरची अक्षरंही आज 'ख' अशीच उच्चारतात, पण सूर वेगळा लागतो. दुसऱ्या जागेवरच्या अक्षराने लिहिलेला 'खा' म्हणजे पाय, त्यात आवाज चढत जातो. तिसऱ्या जागेवरच्या अक्षराने लिहिलेला 'खा' सपाट, अर्थ अडकून राहणे. देवनागरी वहीत दोन्ही सारखेच दिसत होते.

सुरांच्या चार खुणांची नावं ऐका: एक, थो, त्री, चत्तवा. मोजून पाहिलं की ओळख पटते. स्टेशनरीच्या दुकानात पहिलीच्या मुलांचा अक्षरतक्ता मिळतो, 'को काय' म्हणजे कोंबडीवाला क, 'खो खाय' म्हणजे अंड्यावाला ख. तो आणा आणि स्वयंपाकघरात लावा.

प्रश्न विचारताना आवाज चढवणं

मराठीत 'जवळ आहे?' म्हणताना शेवटी आवाज आपोआप वर जातो. थाईत सूर हा शब्दाचाच भाग आहे, तो हलला की शब्द बदलतो. 'क्लाय' म्हणताना आवाज वरून खाली टाकला तर जवळ, सपाट ठेवला तर दूर. एका दुपारी स्कूटर पंक्चर झाली. रस्त्याकडेला केळी तळणाऱ्या बाईंना मी दुकान जवळ आहे का म्हणून विचारलं. त्यांनी झारा तसाच कढईवर धरून उत्तर दिलं, 'क्लाय', एकदम सपाट. मी ऐकलं 'जवळ'. दोन किलोमीटर स्कूटर ढकलत गेले. माझ्या तोंडून प्रश्नही बहुधा 'दूर आहे का' असाच गेला असणार.

यावर उपाय दोन. एक, अशा जागी नुसत्या शब्दावर राहू नका, लगेच 'की नाथी?' म्हणजे किती मिनिटं, हे विचारा. दोन, सूर एकट्या शब्दाचे शिकू नका, जोडीने शिका. मी शेजारच्या ताईंना लाइन या अ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवायला सांगते: जवळ-दूर, भात-पांढरा, घोडा-कुत्रा. त्यांचा आवाज ऐकायचा, लगेच आपला रेकॉर्ड करायचा, दोन्ही मागोमाग लावायचे. रोज १० मिनिटं. ऐकताना हात हवेत वरखाली न्या, गाण्याच्या क्लासला नेतो तसा.

लांबीचंही तसंच. दिन आणि दीन हे आपण कागदावर वेगळे ठेवतो, बोलताना फारसं पाळत नाही. थाईत 'सुत' म्हणजे शेवट आणि 'सूत' म्हणजे श्वास आत घेणे. सूर दोन्हींचा एकच, फरक फक्त लांबीचा.

ओळखीचा शब्द दिसला की अर्थही तोच धरणं

संस्कृत आणि पालीतून आलेले शब्द थाईत पावलोपावली आहेत. भाषा 'फासा' होते, गुरू 'ख्रू', देवता 'थेवदा', पाप चक्क 'बाप'. ही ओळख वाचताना फार कामाची आहे. बोलताना जपून. 'इत्छा' म्हणजे इच्छा नाही, मत्सर. 'वात्सना' म्हणजे नशीब, भाग्य, आणि कुणी तुम्हाला चांगल्या वात्सनेची म्हणालं तर ते कौतुक आहे. 'साँगसान' हा आपला संसारच, पण अर्थ कीव येणे. 'निथान' म्हणजे गोष्ट, 'सन्या' म्हणजे वचन किंवा करार. ओळखीचा वाटणारा प्रत्येक शब्द आधी वाक्यात ऐका, मग वापरा.

गावाची भाषा पुस्तकातलीच समजणं

हे लहान गावातच कळतं. पुआत लोक घरी आणि बाजारात कम-मुआंग बोलतात, ती उत्तरेची भाषा. बाजाराला पुस्तकात 'तलात', इथे 'कात'. चवदारला पुस्तकात 'अरॉय', इथे 'लाम'. बायका वाक्याच्या शेवटी आदरासाठी लावायच्या 'खा'ऐवजी 'चाव' म्हणतात. पालेभाजीच्या आजी 'साव बात' म्हणायच्या आणि मी गप्प उभी राहायचे. शेवटी त्यांनी माझ्या पाकिटातली हिरवी नोट बोटाने दाखवली: साव म्हणजे वीस, बात हे इथलं चलन. पुस्तकात वीसला 'यी-सिप' असतं.

मी त्या काळात दोन्हींची मिसळ करून कुठलीच धड बोलत नव्हते. आता बोलायला मध्य थाई, म्हणजे पुस्तकातली, आणि ऐकायला दोन्ही, असं ठेवलं आहे. 'फासा क्लांग वा अराय?' म्हणजे मध्य थाईत याला काय म्हणतात, हे वाक्य आधी पाठ करा. नाहीतर कुठला शब्द कुठल्या भाषेचा याचा पत्ताच लागत नाही. पुढे गावाची भाषाही बोला, लोकांचे चेहरे फुलतात.

हाक मारताना घाई करणं

इथेही अनोळखी माणसाला नात्याने हाक मारतात, त्यामुळे आपल्याला घरच्यासारखं वाटतं. पण 'पा' म्हणजे आईवडिलांपेक्षा वयाने मोठी बाई. आपण चाळिशीच्या दुकानदारीणबाईंना सहज मावशी म्हणतो, तशा अंदाजाने 'पा' म्हटलं तर त्या दुखावतात. शंका असली की 'फी' म्हणा, म्हणजे ताई किंवा दादा. पुरुषांनी वाक्य 'ख्राप'ने संपवायचं, बायकांनी 'खा'ने. बाजारात बायकांकडूनच शिकणारे आपले पुरुष हमखास 'खा' म्हणायला लागतात, ते वेळीच थांबवा.

शिक्षक नाही म्हणून थांबून राहणं

तालुक्याच्या गावी प्रौढशिक्षणाचं सरकारी केंद्र असतं, लोक त्याला अजून 'को-सो-नो' म्हणतात. तिथे जाऊन विचारा. वर्ग नाही जमला तरी पुस्तकं बघायला मिळतात आणि एखाद्या शिक्षकाची ओळख होते.

आणि पहिल्याच आठवड्यात आपलं नाव थाईत लिहून घ्या. थाईत शब्दाच्या शेवटी ल, र, स हे उच्चार टिकत नाहीत: ल आणि रचा न होतो, सचा त. हॉटेलात बिल मागताना 'चेक बिन' म्हणतात ते त्यामुळेच. अनिल 'अनिन' होतो, सुहास 'सुहात'. दवाखान्यात नंबर पुकारला जातो तेव्हा त्या नावाकडे कान हवा.