नेमणूकपत्रातील ‘मानधन’ हा शब्द: संस्थेत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

मार्च २०१८ मध्ये माझा प्रकल्प बंद झाला, तेव्हा चौतीस महिन्यांच्या कामाचा पुरावा म्हणून माझ्या हाती दोन ओळींचे अनुभवपत्र होते. भविष्य निर्वाह निधीत एक रुपयाही नव्हता आणि एप्रिलचे घरभाडे कोठून द्यायचे हे ठाऊक नव्हते. तरीही मी आजही याच क्षेत्रात आहे आणि येथेच राहणार आहे. सामाजिक संस्थेत काम करावे की नाही हा प्रश्न ज्यांनी आधीच सोडवला आहे, आता रुजू कोठे आणि कसे व्हावे एवढेच ज्यांना ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी जून २०१५ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात बालकुपोषणाच्या प्रकल्पावर रुजू झाले. दरमहा १४,००० रुपये आणि वेगळा पेट्रोल भत्ता ठरला होता. संस्थाप्रमुखांना सगळे ‘भाऊ’ म्हणत असत, मीही म्हणू लागले, आणि भाऊंना पैशांविषयी काही विचारणे मला अशोभनीय वाटले. नेमणूकपत्र अकरा महिन्यांचे होते आणि त्यात ‘वेतन’ नव्हे, तर ‘मानधन’ असा शब्द होता. मी तो वाचला, मला तो वेतनापेक्षा अधिक आदराचा वाटला आणि मी सही केली.

या एका शब्दावर मी थोडे अधिक थांबणार आहे, कारण माझी सगळी फरफट त्यातूनच झाली. वेतन घेणारा माणूस संस्थेचा कर्मचारी असतो. ज्याला मानधन मिळते त्याला हिशेबाच्या वहीत बहुतेक वेळा बाहेरचा सल्लागार म्हणून दाखवले जाते, मग तो रोज सकाळी नऊ वाजता हजेरी लावत असो आणि रजेचा अर्ज भरत असो. सल्लागाराच्या रकमेतून उगमस्थानी, म्हणजे रक्कम देतानाच, दहा टक्के कर कापला जात असे, म्हणून माझ्या खात्यात १४,००० ऐवजी १२,६०० जमा होत. हे १,४०० रुपये ‘सरकारी कपात’ आहे एवढेच मला सांगितले गेले. प्रत्यक्षात माझे वार्षिक उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत होते आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले असते, तर ती सगळी रक्कम परत मिळाली असती. हे मला २०१८ च्या मे महिन्यात एका कर सल्लागाराकडून कळले. तोपर्यंत पहिल्या दोन्ही आर्थिक वर्षांची मुदत उलटून गेली होती. पहिल्या वर्षातील जून ते मार्च अशा दहा महिन्यांचे चौदा हजार आणि दुसऱ्या वर्षाचे सोळा हजार आठशे रुपये, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक काळाची माझी कमाई, कायमची गेली.

भविष्य निर्वाह निधीचा हिशेब तर याहून मोठा आहे. वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला तो कायदा लागू होतो, आणि काम सेवाभावी आहे एवढ्यानेच संस्था त्यातून आपोआप सुटत नाही. परंतु माणसे कर्मचारी म्हणून दाखवलीच नाहीत, तर संख्या वीसपर्यंत पोहोचतच नाही. माझे आणि संस्थेचे प्रत्येकी बारा टक्के धरले, तर महिन्याला ३,३६० आणि चौतीस महिन्यांचे व्याज सोडून १,१४,२४० रुपये होतात. गावाकडच्या घराच्या छपरासाठी मी कर्ज मागायला गेले, तेव्हा बँकेतील अधिकाऱ्यांनी वेतनपावत्या आणि फॉर्म १६, म्हणजे वेतनातून कापलेल्या कराचा दाखला, मागितला. माझ्याकडे फॉर्म १६ अ, म्हणजे वेतनाव्यतिरिक्त रकमेतून कापलेल्या कराचा दाखला, होता. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि अगदी सौम्यपणे विचारले, ‘‘मॅडम, म्हणजे आपली नोकरी नाही का?’’ तीन वर्षे डोंगर चढणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, याचे दुःख मी अजून विसरलेले नाही. स्त्रियांनी यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१७ पासून प्रसूतीची भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली असली, तरी कागदोपत्री सल्लागार असलेल्या स्त्रीला ती मिळवताना मोठी झुंज द्यावी लागते.

म्हणून रुजू होण्यापूर्वी स्पष्ट विचारा: मी कर्मचारी आहे की सल्लागार? भविष्य निर्वाह निधी आहे का? माझे पद कोणत्या देणगीदाराच्या पैशातून आहे आणि तो पैसा कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे? दोन देणग्यांच्या मधल्या काळात माणसांचे काय होते? हे विचारल्याने तुमची निष्ठा कमी ठरत नाही. उलट, ज्या संस्थेला हे प्रश्न अपमानास्पद वाटतात, तिथे जाऊ नये असे माझे ठाम मत आहे.

संस्थाचालकांवर सगळा दोष टाकणेही न्याय्य होणार नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. या पैशामुळे आमच्यासारख्यांची पदे वाढली हे खरे आहे, परंतु हा पैसा आर्थिक वर्षाच्या चौकटीत येतो, आणि देणगीदाराला मुलांचे वजन वाढलेले हवे असते, ते वजन करणाऱ्या माणसाचा निर्वाह निधी त्याच्या तक्त्यात सहसा बसत नाही. परदेशी देणग्यांच्या बाबतीत २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवणेही बंद झाले, त्यामुळे मोठ्या संस्थांच्या आधाराने चालणाऱ्या गावपातळीवरच्या लहान संस्थांची मोठी कोंडी झाली. हे सगळे नव्या माणसाने समजून घेतले पाहिजे, कारण आपले पद कशावर उभे आहे हे कळल्याशिवाय आपण किती काळ उभे राहू याचा अंदाज येत नाही.

फेलोशिपविषयी मला नेहमी विचारतात. शाळेत शिकवण्याची टीच फॉर इंडियाची दोन वर्षे किंवा ग्रामीण भागात काम करण्याचे एसबीआय यूथ फॉर इंडियाचे तेरा महिने ही चांगली सुरुवात आहे, आणि गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेमधून २००६ पासून चालणारा ‘निर्माण’ उपक्रम आपल्याला काय करायचे आहे याचा विचार करायला लावतो, याबद्दल मला आदर आहे. परंतु दोन वर्षांची फेलोशिप करून थेट मुंबई-पुण्यातील कार्यालयात धोरण ठरवायला बसण्याची घाई मला पटत नाही. गावात मुक्काम केल्याशिवाय अहवाल लिहिणाऱ्यांनी तयार केलेले तक्ते आम्ही भरले आहेत आणि त्यांतील निम्मे रकाने पाड्यावर निरर्थक ठरतात. मार्गदर्शकांच्या बाबतीतही माझे मत असेच आहे. व्यासपीठावरून ऐकलेल्या थोर व्यक्तीपेक्षा आपल्याहून पाचसात वर्षे पुढे असलेला, घरभाडे भरणारा आणि मुलांच्या शाळेची चिंता करणारा सहकारी अधिक उपयोगी सल्ला देतो. मला निर्वाह निधीचे गणित समजावले ते अशाच एका लेखापालाने.

आता घाबरून गेला असाल, तर थोडे थांबा. सुरुवातीची वर्षे वाया गेली असे मला कधीच वाटले नाही. धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावर आम्ही सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजत होतो. त्या मोजपट्टीवर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषणाची खूण, असतो. पहिल्या दिवशी मी पट्टी इतकी आवळली, की अंगणवाडीतील जवळजवळ प्रत्येक मूल लाल रंगात येऊ लागले. आमच्याबरोबरच्या आशा स्वयंसेविकेने माझ्या हातावर हात ठेवून पट्टी सैल केली आणि म्हणाली, ‘‘ताई, कातडीला टेकू दे, रुतू देऊ नको.’’ पट्टी धरण्याचे हे कौशल्य, पावरी बोली समजण्याइतपत येणे, दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघाली की नोंदवहीतील मूल ‘गैरहजर’ नसून स्थलांतरित असते हे ओळखणे, या गोष्टींनी मला पुढची नोकरी दिली. समाधानही मला अशाच ठिकाणी मिळाले. सेवेच्या भावनेची ऊब वर्ष-दीड वर्ष टिकते, नंतर हातात एखादे काम नेटके करण्याचे कसब असेल तरच माणूस या क्षेत्रात टिकतो. ते काम मोजमापाचे असो, हिशेबाचे असो, प्रशिक्षणाचे असो किंवा ग्रामसभेत बोलण्याचे असो; पण पहिल्या तीन वर्षांत एक तरी गोष्ट अशी शिका, की जी प्रकल्प संपल्यावरही तुमच्याबरोबर येईल.

आणि होकार देण्यापूर्वी संस्थेच्या कार्यक्षेत्रात दोन दिवस राहून या. कार्यालयातील बैठकीला बसू नका, क्षेत्र समन्वयकाच्या गाडीवर मागे बसून गावे फिरा आणि पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला जमा होतात हे त्यालाच विचारा. या दोन दिवसांचा खर्च स्वतः करावा लागला, तरी करा. दुसऱ्या संस्थेत रुजू होण्यापूर्वी मी तो केला होता. तेथील समन्वयकाने एसटीच्या थांब्यावर उभ्या उभ्या मोबाईलवर आपली वेतनपावती उघडून दाखवली आणि तिच्यातील निर्वाह निधीच्या ओळीवर बोट ठेवले.