जुनी ऑक्टाव्हिया आरएस आणि नवी: तुलना करायची तर एकाच घाटात

माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती, २००५ची. मित्राकडे आरएस २४५, म्हणजे २०२० साली भारतात मोजक्या २०० आल्या त्यातली एक. कागदावर निकाल आधीच लागलाय: माझं १.८ लिटर टर्बो पेट्रोल १५० पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती), हाताने टाकायचे पाच गिअर. त्याचं २ लिटर, २४५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स. जोरात कोण पळतं हे बघायचं असेल तर घरून निघूच नका. कोणती गाडी चालवणाऱ्याशी काय बोलते, ते बघायचं.

त्यासाठी आधी जुनीची तब्येत मूळपदावर आणा. पहिल्या खेपेला मी तशीच नेली. वळणावर नाक बाहेर जायला लागलं आणि मी जुन्या बांधणीला दोष देऊन मोकळा झालो. घरी आल्यावर टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचला: ३११२. म्हणजे २०१२च्या एकतिसाव्या आठवड्यातले टायर! रबर दगड झालं होतं. गाडीवर अन्याय झाला, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा टायर, सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतली रबरं), इंजिन माउंट (इंजिनाचे आधार) तपासा. टर्बोच्या व्हॅक्यूमच्या नळ्या हाताने वाकवून बघा. चिरा दिसल्या तर बदला, नाहीतर दम कमी पडेल आणि तुम्ही इंजिनाला नावं ठेवाल.

हवा दोन्हींत थंड टायरवर, कंपनीने सांगितली तेवढीच. नवीला नॉर्मल मोडवर ठेवा.

आम्ही दौलताबाद-खुलताबादचा घाट निवडला. सकाळी सहाला, वेगमर्यादेत; वळण कळायला तेवढा वेग पुरतो. क्रम जुनी, नवी, पुन्हा जुनी. ही तिसरी फेरी चुकवू नका, खरा फरक तिथेच कळतो.

चढावरचं एकच वळण धरा. जुनीत दुसरा गिअर टाकून पाय दिला की क्षणभर काहीच नाही, मग टर्बो भरतो आणि गाडी एकदम ओढते. आतलं चाक फिरायला लागतं, स्टिअरिंग हातात खेचतं. ते हायड्रॉलिक आहे, रस्त्याचा खडबडीतपणा तळहातापर्यंत येतो. नवीत पाय दिला की लगेच ताकद. पुढचा इलेक्ट्रॉनिक डिफरन्शिअल, म्हणजे पुढच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग, जोर बाहेरच्या चाकाकडे ढकलतो, त्यामुळे नाक वळणाच्या आत शिरतं. पकडीत नवी कितीतरी सरस, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. हात मात्र तिच्यात शांत राहतात. मला तो खडबडीतपणा हवा असतो.

प्रत्येक फेरीनंतर गाडी बाजूला घ्या आणि मित्राशी बोलायच्या आधी वहीत लिहा: ब्रेक कुठे दाबला, गिअर कितवा, हाताला काय जाणवलं. आम्ही आधी बोललो तेव्हा दोघांच्या वहीत त्याचंच मत उतरलं होतं.