अर्टिगा मिसिंग मारतेय? इग्निशन कॉइल घरीच बदला, पण आधी नेमकी कुठली गेलीय ते शोधा

पेट्रोल नाहीतर सीएनजी अर्टिगा सिग्नलला उभी असताना थरथरायला लागली, पिकअप देताना झटके मारते, घाटात घरचे सगळे बसलेले असताना गाडीत जीवच उरला नाही असं वाटतं आणि मीटरमध्ये चेक इंजिनचा दिवा लागलाय, तर एखादा सिलेंडर मिस होतोय, म्हणजे त्यातलं इंधन नीट पेटत नाही, असं धरून चाला. पहिला संशय स्पार्क प्लग (सिलेंडरमध्ये ठिणगी पाडणारा) आणि त्याला जास्त व्होल्टेज देणाऱ्या इग्निशन कॉइलवर. डिझेल अर्टिगाला स्पार्क लागतच नाही म्हणून कॉइलही नसते, त्यामुळे हे सगळं पेट्रोल-सीएनजीवाल्यांसाठीच.

दिवा नुसता लागून राहिला तर हळू चालवत घरी या, पण तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या, खरंच घ्या. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो पार्ट कॉइलच्या कितीतरी पट महाग आहे.

आता महत्त्वाचं. जुनं १.४ लिटर इंजिन असो की २०१८ नंतरचं १.५, चार सिलेंडरला चार वेगळ्या कॉइल असतात, प्रत्येक थेट आपापल्या प्लगवर बसलेली. म्हणजे एक गेली म्हणून चारही बदलायची गरज नाही, आणि तरी बरेच जण अंदाजाने चारही बदलून मोकळे होतात. त्यापेक्षा साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) घ्या, ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली पोर्ट असतो तिथे लावा आणि मोबाइलवर कोड बघा. पी०३०१ म्हणजे पहिला सिलेंडर मिस, पी०३०२ दुसरा, असं पी०३०४ पर्यंत. पहिला सिलेंडर टायमिंग चेनच्या बाजूचा, चौथा गिअरबॉक्सच्या बाजूचा. पी०३५१ ते पी०३५४ पैकी काही आलं तर दोष कॉइलच्या सर्किटमध्ये आहे, तेव्हा कॉइल आणायच्या आधी वायर आणि कनेक्टर नीट बघा, उंदरांनी वायर कुरतडलेली असणं आपल्याकडे अजिबात दुर्मिळ नाही.

समजा पी०३०१ आला. मग पहिल्या नंबरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा, कोड क्लिअर करा आणि थोडी चालवून परत बघा. कोड पी०३०२ झाला तर कॉइलच गेलीय, नक्की. पी०३०१ च राहिला तर कॉइल ठीक आहे, प्लगची अशीच अदलाबदल करून बघा आणि तरीही नाही हलला तर इंजेक्टर (इंधन सोडणारा) किंवा सिलेंडरमधलं कॉम्प्रेशन (दाब) बिघडलंय, मग मेकॅनिककडे जा. काही ठिकाणी चालू इंजिनवर एकेक कॉइल काढून बघतात, ते करू नका. कॉइलमधून हजारो व्होल्ट निघतात, हाताला जबर झटका बसू शकतो.

काम करताना इंजिन पूर्ण थंड हवं, चावी काढून खिशात (स्मार्ट हायब्रिड मॉडेलमध्ये इंजिन आपोआप बंद-चालू होतं म्हणून तर नक्कीच), आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडवलेली. वरचं प्लास्टिक कव्हर काढा, आड येत असेल तर एअर फिल्टरचा पाइप पण. कॉइलच्या कनेक्टरचं लॉक दाबून कनेक्टर ओढायचा, वायर धरून ओढायचं नाही, उष्णतेने ते प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि लॉक पटकन तुटतं. मग १० एमएमची गोटी (सॉकेट) लावून एकच बोल्ट सोडवा, कॉइल डावी-उजवीकडे थोडी फिरवून मोकळी करा आणि सरळ वर काढा. वाकडी ओढली तर खालचा रबरी बूट फाटून प्लगवरच राहतो.

कॉइल निघाली की टॉर्च मारून भोकात बघा, कारण नुसती नवी लावून भागत नाही. आत ऑइल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं (प्लास्टिक कव्हरखालचं, इंजिनवरचं झाकण) गॅस्केट किंवा प्लगच्या भोकाचं सील गेलंय, ते न बदलता नवी कॉइल लावली तर तीही लवकरच जाईल. पाणी दिसलं तर वॉशिंगवाल्याने बोनेट उघडून प्रेशरने पाणी मारलंय का विचारा. प्लग जुने असतील तर याच वेळी चारही बदला, प्लगच्या टोकांमधली गॅप वाढली की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि तो ताण कॉइलवर येतो. सीएनजीवर तर पेट्रोलपेक्षा जास्तच व्होल्टेज लागतं, म्हणून गाडी पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर झटके असं होत असेल तर प्लग-कॉइलकडेच आधी बघायचं.

नवी कॉइल घेताना जुनी सोबत न्या आणि पार्ट नंबर जुळवून ओरिजिनलच घ्या, स्वस्तातली डुप्लिकेट अजिबात नको. बुटाच्या आतल्या कडेला किंचित डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा, कॉइल सरळ दाबून बसवा, बोल्ट आधी हाताने फिरवून मग हलकाच टाइट करा, खाली ॲल्युमिनियमचे आटे आहेत, जोर लावला तर जातात. कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत दाबा, बॅटरी जोडा, स्टार्ट करून दोन मिनिटं आयडलला ठेवा. थरथर गेली असेल तर कोड क्लिअर करा आणि एक चक्कर पेट्रोलवर, एक सीएनजीवर मारून स्कॅनर परत लावून बघा.