वाघोलीतला वन बीएचके आणि भाड्याचा हिशेब

आमच्या शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेने परवा मधल्या सुट्टीत विचारलं, "ताई, थोडे पैसे साठलेत. फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर हप्ता भाड्यातूनच सुटेल ना?" नाही सुटणार, असं मी तिला सरळ सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी माझी वही घेऊन गेले.

पुण्यातल्या वाघोलीतला आमचा वन बीएचके आम्हाला सगळा खर्च धरून 45 लाखांना पडला. भाडं महिना 18 हजार, म्हणजे वर्षाचे 2 लाख 16 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 30 हजार, मिळकतकर 9 हजार, एक महिना घर रिकामं राहतं त्याचे 18 हजार आणि दुरुस्तीचे 15 हजार जातात. हातात उरतात 1 लाख 44 हजार, महिन्याला 12 हजार. भाडेकरू बदलला की एजंटची एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली वेगळी. आता 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 30 लाखांचं कर्ज काढलं, तर हप्ता बसतो सुमारे 27 हजार. मधले 15 हजार दर महिन्याला पगारातून घालायचे आहेत, तेही कित्येक वर्षं. हे झेपत असेल तरच पुढे जावं. जागेची किंमत वाढेल ही आशा रास्त आहे, पण तिच्या भरवशावर हप्ता फिटत नाही.

मिळकतकराबद्दल नव्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते. पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर करात 40 टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिलं की ती नाही. त्यामुळे आधीच्या मालकाची जुनी पावती बघून कराचा अंदाज बांधू नका. भरलेल्या कराची पावती मात्र जपून ठेवा. आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून आधी हा कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, तिला बिलं लागत नाहीत.

घर बघायला गेलात की आधी पाणी विचारा. वाघोली 2021 मध्ये महापालिकेत आली, पण हद्दीत येणं आणि नळाला पाणी येणं यांत फार अंतर आहे. आम्ही घर बघितलं ते ऑगस्टमध्ये, सगळीकडे हिरवंगार असताना. पुढच्या मे महिन्यात गेले तर गेटवर टँकर उभा, मागे दुसरा, आणि वॉचमन वहीत नंबर लिहून घेतोय. "दिवसाला सात येतात मॅडम," तो म्हणाला. ते सात टँकर शेवटी मेंटेनन्समध्येच येतात, आणि भाडेकरू सोडून जातो तो याच कारणाने. म्हणून घर उन्हाळ्यात बघा. ते जमत नसेल तर सोसायटीकडून एप्रिल-मेची टँकरची बिलं मागून घ्या.

कागदांचं थोडक्यात सांगते. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रीसेल असेल तर इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला दिलेली परवानगी), सोसायटीची ना हरकत आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी तपासल्याचा अहवाल) मागा. वकिलाच्या फीमध्ये काटकसर करू नका.

माझ्या सासऱ्यांचा घर भाड्याने द्यायलाच विरोध होता. कसब्यातल्या वाड्यात त्यांनी महिना चाळीस रुपये देणारी बिऱ्हाडं पिढ्यान्‌पिढ्या बघितली होती. "एकदा आत आला की निघत नाही," हे त्यांचं वाक्य. त्यांची भीती खरी होती, पण ती जुन्या भाडेकरारांची होती. आता आपण करतो तो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. नोंदणी असेल आणि मुदत संपूनही तो निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. आमच्या 11 महिन्यांच्या कराराला, 50 हजार डिपॉझिट धरून, मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास येतं. नोंदणी फी एक हजार. आता घरी बसून आधार आणि अंगठ्यावर काम होतं. एवढ्यासाठी साध्या स्टँप पेपरवर भागवणारे मालक बघितले की मला खरंच काळजी वाटते. करार झाला की पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही त्याच आठवड्यात भरून टाका.

सोसायटी भाड्याच्या घरावर नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणूनचं शुल्क, लावते. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतात. बिल तपासा.

माझी सगळ्यात मोठी चूक पहिल्या भाडेकरूच्या वेळी झाली. लातूरकडचा मुलगा, आयटीत नोकरी, आई सोबत राहायची. भाडं कधी एक तारखेच्या पुढे गेलं नाही. घर सोडायच्या दिवशी मी ओट्याजवळ उभी होते. सिंकपासून गॅसच्या शेगडीपर्यंत ग्रॅनाइटला तडा गेलेला. मी डिपॉझिटमधून पैसे कापायचं म्हटलं, तर त्याची आई हळूच म्हणाली, "ताई, आम्ही आलो तेव्हापासून आहे हा. मी पहिल्याच दिवशी मीठ सांडलं, ते यात अडकलं होतं." माझ्याकडे ना फोटो, ना यादी. ती खरं बोलत होती असं मला आजही वाटतं. मी पूर्ण डिपॉझिट परत केलं, पण आठवडाभर मनात रुखरुख राहिली, कारण तिच्यावर संशय घेतला होता तो माझ्याच आळसामुळे.

तेव्हापासून किल्ली देताना भाडेकरूसोबत घरभर फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढते. पंखे, ट्यूब, गीझर, नळ, किल्ल्या किती, महावितरणच्या मीटरचं रीडिंग, सगळं एका कागदावर. खाली दोघांच्या सह्या. तोच कागद घर सोडताना उघडायचा, आणि हिशेब त्याच दिवशी संपवायचा.

त्या नव्या शिक्षिकेने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. या रविवारी ती पुण्याच्याच मांजरी भागात एक घर बघायला जातेय आणि मी सोबत जाणार आहे. आधी वॉचमनला भेटू, फ्लॅट नंतर.