रात्रपाळीचा टॉर्च कसा निवडावा: नव्याने रुजू होणाऱ्या पोलिसांसाठी

रात्रपाळीला लागून मला सहा महिने झाले होते, तेव्हा एका बंद पडलेल्या गोदामात शिरण्याची वेळ आली. सहकारी दाराच्या उजव्या बाजूला होता, मी डावीकडे होतो. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि मी टॉर्चचे बटण दाबले. स्थिर उजेड पडण्याऐवजी टॉर्च लखलख करू लागला, कारण घाईत बटण दोनदा दाबले गेले होते आणि तो पुढच्या मोडवर गेला होता. नेहमीचा उजेड परत मिळवण्यासाठी मला ते आणखी तीनदा दाबावे लागले. आत मांजर निघाले, म्हणून निभावले. पण त्या दोन-तीन सेकंदांत मला समोरचे काही धड दिसत नव्हते, आणि आत कोणी दबा धरून बसलेला असता तर आम्ही दोघे नेमके कोठे उभे आहोत हे त्याला उत्तम दिसले असते. त्या टॉर्चच्या खोक्यावर लुमेनचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला होता आणि मी तेवढा एक आकडा पाहूनच तो घेतला होता.

नवे सहकारी आजही पहिला प्रश्न ‘किती लुमेनचा घेऊ?’ असाच विचारतात. लुमेन म्हणजे टॉर्चमधून सर्व बाजूंनी मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो झोताच्या मध्यभागी किती एकवटला आहे हे कँडेला या एककावरून समजते. त्यामुळे समान लुमेनचे दोन टॉर्च शेजारी शेजारी लावले, तर एक अंगणभर पसरट उजेड पाडतो आणि दुसरा लांबच्या झाडाचा शेंडा दाखवतो. खोक्यावर झोताचे जे अंतर लिहिलेले असते ते कँडेलावरूनच निघते: कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट म्हणजे ते अंतर मीटरमध्ये. १०,००० कँडेलाचा टॉर्च २०० मीटर, तर ४०,००० कँडेलाचा ४०० मीटर. म्हणजे अंतर दुप्पट हवे असेल तर झोताची तीव्रता चौपट लागते. या हिशेबात अंतराची सीमा म्हणून ०.२५ लक्स एवढा उजेड धरलेला असतो, आणि तो साधारण निरभ्र रात्रीच्या पूर्ण चंद्राएवढा असतो. तेवढ्या उजेडात समोर माणूस उभा आहे हे कळते, पण त्याच्या हातात मोबाइल आहे की सुरा, हे कळत नाही. आपल्याला नेमके हेच कळणे आवश्यक असते, म्हणून छापील अंतराच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे मी टॉर्चवर भरवसा ठेवत नाही.

हे आकडे मोजण्यासाठी एएनएसआय एफएल१ नावाचे अमेरिकी मानक २००९ मध्ये आले आणि नंतर त्यात सुधारणाही झाल्या. खोक्यावर त्याचा उल्लेख असेल तर निदान दोन टॉर्चची तुलना करता येते. मात्र ते वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, उजेडाचे मोजमाप टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंदांपासून २ मिनिटांपर्यंतच्या काळात होते. दुसरी, टॉर्च किती वेळ चालतो हे सांगताना उजेड मुळाच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरला जातो. लहान आकाराचा, भरपूर उजेडाचा टॉर्च काही मिनिटांतच तापतो आणि आतले सर्किट उजेड आपोआप खाली आणते. त्यामुळे १,५०० लुमेन आणि तीन तास हे दोन्ही आकडे खरे असूनही १,५०० लुमेन तीन तास मिळतील असा त्याचा अर्थ होत नाही. नवा टॉर्च हाती आला की मी तो पूर्ण उजेडावर भिंतीसमोर ठेवतो, मोबाइलच्या कॅमेऱ्याचे एक्स्पोजर हाताने कायम करतो आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो काढतो. तासाभराचे फोटो एकापुढे एक पाहिले की खोक्यावर न छापलेले बरेच काही समजते.

प्रत्यक्ष कामात पूर्ण उजेडाची गरज माझ्या अनुभवात फार थोडा वेळ पडते. नाकाबंदीवर चालकाने पुढे केलेल्या प्लास्टिकच्या ओळखपत्रावर हजार लुमेन पडले की पत्रावरची अक्षरे दिसतच नाहीत, पांढरा चकाकणारा चौकोन तेवढा दिसतो. वर डोळे दिपतात ते वेगळेच. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि असा एक चटका ती सगळी कमाई घालवतो. म्हणून १० ते २० लुमेनच्या आसपासचा मंद उजेड ज्यात नाही, असा टॉर्च ड्यूटीसाठी घेऊ नये. गाडीच्या आत पाहताना काचेवर समोरून झोत मारला तर आपलाच उजेड उलटून येतो. टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरका धरला की मागच्या आसनाखालचेही दिसते. धुक्यात आणि धुरात तर प्रखर झोत समोर पांढरी भिंतच उभी करतो. तेथे उजेड कमी करावा आणि टॉर्च डोळ्यांपासून दूर, कमरेपाशी धरावा.

घटनास्थळी वस्तू शोधण्याचे काम मात्र टॉर्चची आणि तो धरणाऱ्याची खरी परीक्षा घेते, आणि ते प्रशिक्षणात जितके शिकवायला हवे तितके शिकवले जात नाही असे माझे मत आहे. नवखा माणूस उभ्याने खाली उजेड मारतो. वरून पडलेल्या उजेडात फरशी सपाट दिसते आणि तिच्यावरचे सगळे तिच्यातच मिसळून जाते. एका जिन्याखालच्या मोकळ्या जागेत आम्ही तिघे वीस मिनिटे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी शोधत होतो. मग आमच्यातील अनुभवी हवालदार गुडघ्यांवर बसले, त्यांनी टॉर्च जमिनीपासून जेमतेम दोन बोटे वर आडवा धरला आणि झोत संथपणे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे फिरवला. वाळूच्या कणाकणाची सावली लांबट झाली, धुळीत उमटलेला बुटाचा अर्धा ठसा वर आला, आणि पायरीच्या कडेला पितळेचा एक ठिपका चमकला. पुंगळी ज्या पायरीवर होती तिच्यावरून मी दोनदा गेलो होतो. या पद्धतीसाठी झोत अंधाऱ्या कड्यांचा किंवा ठिगळठिगळ असा असून चालत नाही. टॉर्च घेण्यापूर्वी तो पांढऱ्या भिंतीवर मारून पाहावा; मधल्या तेजस्वी भागाभोवती एकसारखा, मऊ उजेडाचा पट्टा दिसला तर तो शोधकामाला चांगला.

रंगांचेही असेच आहे. बहुतेक प्रखर टॉर्चचा उजेड निळसर असतो, कारण त्यात लुमेन जास्त निघतात. एकदा पळून गेलेल्या माणसाचे जाकीट मी वायरलेसवर काळे सांगितले आणि पकडल्यावर ते गर्द हिरवे निघाले. उजेडात रंग किती खरे दिसतात याचे माप सीआरआय या आकड्याने सांगतात. ते जास्तीत जास्त १०० असते. साधारण टॉर्चमध्ये ते ७० च्या घरात असते आणि ९० च्या वरचा टॉर्च घेतला तर काही लुमेन सोडावे लागतात. वाळलेल्या रक्ताचा डाग आणि गंजाचा डाग यांतला फरक ज्यांना रोज पाहावा लागतो, त्यांनी हा सौदा खुशाल करावा.

आता बटणाविषयी, कारण गोदामातला माझा सगळा गोंधळ त्यामुळेच झाला. ड्यूटीच्या टॉर्चचे मुख्य बटण शेपटाकडे, अंगठ्याखाली असावे आणि पहिल्या दाबाला प्रत्येक वेळी एकच गोष्ट घडावी: पूर्ण, स्थिर उजेड. बटण अर्धे दाबून धरले की उजेड लागावा, सोडले की जावा, आणि पूर्ण दाबल्यावर ‘टक’ असा आवाज होऊन तो कायम राहावा. काही बटणे उलट चालतात. ती आधी पूर्ण दाबून सोडावी लागतात आणि मगच उजेड येतो. अशा बटणाने क्षणभर उजेड टाकून, पुन्हा अंधार करून जागा बदलता येत नाही, आणि अंधाऱ्या इमारतीत वावरण्याची निम्मी रीत तर तीच आहे. मंद उजेडासाठी दुसरे, वेगळे बटण असलेला टॉर्च उत्तम. जो टॉर्च शेवटचा मोड लक्षात ठेवतो तो मी ड्यूटीसाठी नापास करतो, कारण दोन तासांपूर्वी आपण काय वापरले होते हे धावपळीत कोणालाच आठवत नाही. लखलखणाऱ्या मोडबद्दल मतभेद आहेत. माझा अनुभव असा की बंद खोलीत त्याने समोरच्याइतकेच आपणही गोंधळतो, आणि अपस्माराच्या काही रुग्णांना अशा उजेडाने झटका येऊ शकतो. त्यामुळे तो असलाच तर चुकून लागणार नाही इतका आडबाजूला असावा. हातमोजे घालून, ओल्या हाताने आणि दुबळ्या हाताने बटण दाबून पाहिल्याशिवाय टॉर्च पसंत करू नये. टॉर्च नेहमी दुबळ्या हातातच धरायचा असतो. चांगला हात मोकळा ठेवावा लागतो.

बॅटरीच्या बाबतीत माझी सर्वांत मोठी फजिती साध्या अल्कलाइन सेलने केली. गाडीच्या कप्प्यात ठेवलेला राखीव टॉर्च एका पावसाळी रात्री काढला तर तो लागेना. झाकण फिरेना, ते पकडीने उघडले तेव्हा आत पांढरी भुकटी साचलेली आणि सेल नळीला चिकटून बसलेले. अल्कलाइन सेल जुने झाले की गळतात आणि त्यांतला क्षार धातू खातो. क्वचित वापरल्या जाणाऱ्या राखीव टॉर्चसाठी सीआर१२३ए हे ३ व्होल्टचे लिथियम सेल अधिक बरे. ते पडून राहिले तरी साधारण दहा वर्षे टिकतात आणि थंडीतही दम धरतात. रोजच्या टॉर्चसाठी पुन्हा चार्ज होणारे लिथियम-आयन सेल सोयीचे. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, २१७०० म्हणजे २१ मिलिमीटर व्यासाचा आणि ७० मिलिमीटर लांबीचा. चांगल्या १८६५० ची क्षमता ३,५०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठवलेल्या चार्जचे माप) आसपास संपते आणि २१७०० ची ५,००० च्या आसपास असते; त्यामुळे १८६५० वर ९,९०० एमएएच छापलेले दिसले तर तो सेल हातात न घेता परत ठेवावा. संरक्षक सर्किट असलेले सेल थोडे लांब असतात, तेव्हा ते टॉर्चमध्ये बसतात का हे आधी पाहावे. ज्यातला सेल काढताच येत नाही असा टॉर्च मला ड्यूटीसाठी पटत नाही: मध्यरात्री चार्ज संपला की दुसरा सेल टाकून पुढे जाता आले पाहिजे. चुंबकाने चिकटणारी चार्जिंगची तार सोयीची असते, पण टॉर्चच्या त्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो आणि संपर्क बिघडतो. आठवड्यातून एकदा ते पुसून घ्यावे.

पाणी आणि आपटणे यांविषयी थोडक्यात सांगतो. टॉर्च पाणी किती सोसतो हे खोक्यावरच्या आयपीएक्स आकड्यावरून कळते: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. गस्तीसाठी आयपीएक्स७ हवे. जोडावरच्या रबरी कड्यांना मधूनमधून सिलिकॉन ग्रीस लावले नाही तर हे आकडे वर्षभरात निरर्थक होतात. एलईडी स्वतः फारसा जळत नाही; बिघडतात ती बटणे, स्प्रिंगा आणि मळलेले पेच, म्हणजे झाकण फिरवून बसवण्याचे आटे. उजेड लुकलुकू लागला तर दुरुस्तीला देण्यापूर्वी शेपटाकडचे पेच कापडाने पुसून पाहावेत, निम्म्या वेळा तेवढ्याने काम होते.

लांब, जड धातूचा टॉर्च काठीसारखाही वापरता येतो, असे जुने लोक कौतुकाने सांगतात. मी स्वतः असा टॉर्च तीन वर्षे कमरेला वागवला आणि कंबरदुखीखेरीज त्याने मला काही दिले नाही. शिवाय टॉर्चने मारलेला फटका डोक्यावर बसला तर तो जीवघेणा ठरू शकतो, आणि तशी साधने वापरण्याचे नियम काठीपेक्षा वेगळे असतात. लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात २००४ मध्ये एका संशयिताला टॉर्चने मारल्याचे चित्रण दूरचित्रवाणीवर दिसले, आणि २००७ मध्ये त्या दलाने मुद्दाम लहान व हलका टॉर्च आणला. आपल्या दलाचा याविषयी लेखी आदेश काय आहे तो पहिल्याच आठवड्यात वाचून घ्यावा.

वायुगळतीच्या ठिकाणी जाताना आपला नेहमीचा टॉर्च सुरू-बंद करू नये, मग तो कितीही महाग असो. अशा जागेसाठी ठिणगी न पडण्याची हमी असलेले, तसा शिक्का असलेले टॉर्च वेगळे मिळतात आणि ते बहुधा अग्निशमन दलाकडे असतात. त्यांची वाट पाहावी.

आता माझ्या पट्ट्यावर डाव्या बाजूला म्यानात एक टॉर्च असतो आणि छातीच्या खिशात बोटाएवढा दुसरा असतो. पाळी सुरू होताना दोन्ही एकदा लावून पाहतो, मोठ्याचा सेल भरलेला टाकतो आणि त्याचे शेपूट पाव फेरा सैल करून ठेवतो, म्हणजे ठाण्यात बसलेला असताना तो म्यानातच लागून तापत नाही. गाडीत पाऊल ठेवताना शेपूट घट्ट करायचे असते. हे विसरू नये म्हणून मी ते नेहमी पट्ट्याचे बक्कल लावल्यानंतर लगेच करतो. सुरुवातीला दोनदा विसरलो होतो, तेव्हा छातीच्या खिशातला टॉर्च कामी आला.